पोराचा ‘कोअर’ कच्चा आहे म्हणे! पण मोजला कुणी आणि कसा?

गेल्या काही वर्षांत मैदानावरचा एक शब्द आपल्या घरांत येऊन बसला आहे. तो शब्द म्हणजे कोअर. शिरपूर तालुक्यात तापीकाठच्या थाळनेरपासून मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या पळासनेरपर्यंत कुठेही पहाटे बाहेर पडा, रस्त्याच्या कडेने पळणारी पोरे-पोरी दिसतात. कुणाला पोलीस भरती गाठायची असते, कुणाला अग्निवीर व्हायचे असते, तर कुणी शालेय कबड्डीत किंवा कुस्तीत तालुक्यावरून जिल्ह्याला आणि जिल्ह्यावरून विभागाला जाण्याच्या खटपटीत असते. पळून झाले की मातीत ओळीने आडवे होऊन प्लँक धरायचा आणि सरांच्या मोबाइलमधल्या घड्याळावर सेकंद मोजायचे. घरी आल्यावर आई विचारते, “काय म्हणाले सर?” पोरगा सांगतो, “कोअर वीक आहे म्हणे. पन्नास सेकंदांतच खाली आलो.”

आता या पन्नास सेकंदांचे करायचे काय? काही घरांत त्याच आठवड्यात पावडरचा डबा येतो, काही घरांत कमरेचा पट्टा येतो, आणि काही घरांत पोरीला सांगितले जाते की खेळ सोड, तुझ्या अंगात ते नाही. खेळ ही आपल्या घरांसाठी नुसती हौस नाही. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात आणि राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. संघात घेतले की वगळले, एवढ्यावरून एखाद्या मुलीची पुढची दहा वर्षे बदलू शकतात. म्हणून तिला वगळताना जो आकडा पुढे केला जातो तो कितपत खरा, हे विचारण्याचा हक्क पालकांना आहे. या अंकात आम्ही तेवढाच एक प्रश्न घेतला आहे.

आधी कोअर म्हणजे काय ते पाहू. पोटावर दिसणाऱ्या सहा वड्या म्हणजे कोअर नव्हे. पोटाचे पुढचे आणि बाजूचे स्नायू, कण्यालगतचे पाठीचे स्नायू, कुल्ल्याचे स्नायू, वरून झाकणासारखे श्वासपटल आणि खालून ओटीपोटाचा तळ, असा हा सगळा मिळून धडाचा डबा आहे. पायात तयार झालेला जोर हातापर्यंत पोचवायचा आणि पोचवताना कणा हलू द्यायचा नाही, हे त्याचे मुख्य काम. गोळा फेकणाऱ्या मुलीचा जोर मांडीत असतो, पण कंबर ढिली पडली तर तो वाटेतच विरतो. तालमीतला वस्ताद “कंबर घट्ट ठेव” म्हणतो तेव्हा तो हेच सांगत असतो. शब्द नवा आहे, गोष्ट जुनी आहे. डोक्यावर हंडा आणि कडेवर पोर घेऊन उतारावरून चालणाऱ्या बाईचा कोअर कुणी कधी मोजला नाही, पण तो भक्कम असल्याशिवाय ती चालूच शकली नसती.

हे मोजायच्या पद्धती अनेक आहेत. शाळेत जाणाऱ्या जवळपास प्रत्येक मुलाशी ज्या पद्धतीचा संबंध येतो ती खेलो इंडियाच्या शारीरिक क्षमता चाचणीतली. त्या चाचणीचे अ‍ॅप फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाले. चौथीपासून बारावीपर्यंतच्या मुलांसाठी त्यात उंची-वजनाचे प्रमाण, ५० मीटर धावणे, ६०० मीटर धावणे किंवा चालणे, बसून पुढे वाकणे, पुशअप्स आणि अर्धे उठणे, म्हणजे पार्शल कर्ल-अप, एवढ्या गोष्टी आहेत. यातले अर्धे उठणे म्हणजे पोटाच्या स्नायूंची परीक्षा. मुलाने पाठीवर झोपायचे, गुडघे साधारण काटकोनात दुमडायचे, हात अंगालगत सरळ ठेवायचे, तळवे जमिनीकडे. मग धड इतके उचलायचे की बोटे जमिनीलगत किमान ६ इंच पुढे सरकतील, आणि पुन्हा खाली जाऊन पाठीचा वरचा भाग जमिनीला टेकवायचा. असे ३० सेकंदांत किती वेळा झाले ते लिहायचे.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात ६ इंचांची पट्टी जमिनीवर आखलेली असतेच असे नाही. चाळीस पोरांचा वर्ग, एक शिक्षक आणि एक तास. मग दोघा-दोघांच्या जोड्या लावल्या जातात. एक मुलगा उठतो, दुसरा त्याचे पाय दाबून बसतो आणि मोजतो. इथेच दोन घोटाळे होतात. पाय दाबून धरले की पोटाऐवजी मांडीच्या मुळाशी असलेले, पाय वर ओढणारे स्नायू जोर लावू लागतात आणि आकडा फुगतो. आणि मित्र मोजणारा असला की पाठ टेकली नाही तरी तो ‘एक’ म्हणतो. कडक मोजणाऱ्याकडे ज्याचे १४ भरतात, त्याचेच ढिलाईने मोजणाऱ्याकडे २२ भरू शकतात. पोट तेच, पोरगा तोच, दिवसही तोच.

कापसाचा काटा

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला विश्वसनीयता या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कापूस गाडीत भरून नेला, व्यापाऱ्याच्या काट्यावर ठेवला, आकडा आला. तोच गठ्ठा उतरवून पुन्हा ठेवला आणि दोन किलोंचा फरक पडला, तर शेतकरी म्हणतो, काटा बरोबर नाही. गठ्ठा बदललेला नसताना आकडा बदलला, म्हणजे दोष काट्यात. मोजणीच्या शास्त्रात याला विश्वसनीयता म्हणतात: बदल झालेला नसताना पुन्हा मोजले तर आकडा तोच यायला हवा.

याच्या शेजारी आणखी एक प्रश्न उभा असतो. काटा प्रत्येक वेळी बरोबर दोन किलो कमीच दाखवत असेल तर? तो एकसारखे दाखवतो, म्हणून विश्वसनीय तर आहे, पण खोटे दाखवतो. जे मोजायचे तेच मोजले जाते आहे का, या प्रश्नाला सप्रमाणता म्हणतात. कोअरच्या चाचण्यांत दोन्ही प्रश्न अडचणीचे आहेत.

पण इथे एक गोष्ट कापसाहून वेगळी आहे. काट्यावर कापूस गुमान पडून राहतो. मुलगा माणूस असतो. तो घाबरतो, चेकाळतो, शिकतो, कंटाळतो. म्हणून प्लँकच्या सेकंदांत काय काय मिसळलेले असते ते जरा सविस्तर पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे थांबायचे कधी. कंबर खाली झुकली की घड्याळ बंद, असा नियम असतो, पण झुकली म्हणजे किती झुकली? एक सर पहिल्यांदा झुकताच थांबवतात. दुसरे म्हणतात, “वर घे, वर घे,” आणि तीनदा संधी देतात. या एका फरकाने वीस सेकंद सहज इकडचे तिकडे होतात. कंबर खाली येण्याऐवजी काही पोरे कुल्ले वर उचलतात. त्याने पोटावरचा भार हलका होतो आणि वेळ वाढतो. तो फाऊल कुणी धरतो, कुणी धरत नाही.

दुसरी गोष्ट, जमीन. कोपराखाली सतरंजी आहे की मुरूम? मुरमावर पोट थकण्याआधी कोपर सोलते आणि पोरगा सोडून देतो. आकडा लागतो पोटाच्या नावावर, दुखत असते कोपर.

तिसरी गोष्ट, आदला दिवस आणि त्या दिवसाची वेळ. काल संध्याकाळी टेकडीवर धावायला लावले असेल तर आज अंग जड असणारच. रात्रभर झोपल्यावर कण्यातल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा साधारण दीड सेंटिमीटर उंच असतो ते त्यामुळेच. उठल्यावर पहिल्या तासाभरात कणा ताठर असतो आणि वाकण्याचा ताण त्याच्यावर जास्त येतो. म्हणून उठल्या उठल्या उठाबशांसारखी पोट दुमडणारी चाचणी घेऊ नये, आणि सकाळच्या आकड्याची तुलना संध्याकाळच्या आकड्याशी करू नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो. तेव्हाचा आकडा आणि डिसेंबरच्या थंडीतला आकडा शेजारी शेजारी लिहून “पोरगा सुधारला” म्हणणे हीसुद्धा फसगतच.

चौथी गोष्ट म्हणजे सराव, आणि आमच्या मते सर्वांत जास्त दिशाभूल तिनेच होते. प्लँक पहिल्यांदा धरणाऱ्या मुलाला श्वास कसा घ्यायचा, खांदे कुठे ठेवायचे, थरथर सुरू झाली की घाबरायचे नाही, यातले काहीच ठाऊक नसते. दोन दिवसांनी तोच मुलगा पुन्हा झोपला की वेळ वाढते. दोन दिवसांत स्नायू वाढत नाहीत. वाढतो तो सराव आणि जातो तो बुजरेपणा. जो मुलगा शहरातल्या अकादमीत वर्षभर प्लँक धरतो आहे आणि जी मुलगी आश्रमशाळेतून आज पहिल्यांदा मैदानात आली आहे, त्या दोघांना एकाच घड्याळावर एकदाच मोजले, तर तो आकडा ताकदीचा नसून ओळखीचा आहे.

आणि पाचवी गोष्ट, बघणारे लोक. चार मित्र ओरडत असतील तर मुलगा जास्त टिकतो. अनोळखी पुरुषांच्या घोळक्यात चौदा वर्षांच्या मुलीला पालथे झोपून प्लँक धरायला लावले तर ती कधी एकदा संपते याचीच वाट पाहते. पाळीच्या दिवसांत तर अधिकच. हे कोणी कागदावर लिहीत नाही.

आकड्याभोवतीची चूक

संशोधक एकाच गटाची चाचणी दोनदा घेतात आणि दोन्ही वेळचे आकडे किती जुळतात यावरून ० ते १ च्या दरम्यानचा एक निर्देशांक काढतात. ०.९ च्या वर उत्तम, ०.७५ ते ०.९ चांगला, ०.५ च्या खाली निकामी, असा सर्वसाधारण संकेत आहे. कोअरच्या अनेक चाचण्यांना या हिशोबाने ‘चांगला’ शेरा मिळालेला आढळतो, आणि चाचणी विकणारे तोच पुढे करतात. पण या निर्देशांकात एक गोम आहे. गटात जितकी भिन्न माणसे असतील तितका तो आपोआप वर जातो. म्हैस आणि शेळी यांतले जड कोण हे ओळखायला कुठलाही मोडका काटा पुरतो. एकाच कळपातल्या दोन शेळ्यांत फरक करायचा असेल तर काटा बारीक हवा. सरांना निवड करायची असते ती एकाच वयाच्या, एकाच संघातल्या, जवळपास सारख्या पोरांतून. म्हणजे कामाच्या वेळी काटा सगळ्यांत ढिला असतो.

त्यापेक्षा उपयोगी प्रश्न असा की, हा आकडा किती सेकंदांनी मागेपुढे होऊ शकतो? समजा, एका मुलीचा प्लँक सोमवारी ६२ सेकंद आणि गुरुवारी ८१ सेकंद भरला. मधे तिने कोणताही खास व्यायाम केलेला नाही. मग हे १९ सेकंद म्हणजे प्रगती नाही, ती मोजणीची डुगडुग आहे. आता समजा तिने सहा आठवडे व्यायाम केला आणि आकडा ९० वर गेला. तो वाढला का? कदाचित वाढला असेल. नऊ सेकंदांची वाढ एकोणीस सेकंदांच्या डुगडुगीत बुडून जाते, म्हणून खात्रीने सांगता येत नाही. हेच १३० वर गेले असते तर आम्हीही म्हटले असते, शाबास.

कॅनडाच्या वॉटरलू विद्यापीठातले पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९९ मध्ये निरोगी तरुण-तरुणींच्या वेळा मोजून प्रसिद्ध केल्या. पाठीच्या स्नायूंची चाचणी अशी असते: टेबलावर पालथे झोपायचे, पाय पट्ट्याने बांधायचे, कमरेपासून वरचे धड टेबलाबाहेर अधांतरी सरळ धरायचे. या चाचणीत पुरुषांची सरासरी १४६ सेकंद आणि स्त्रियांची १८९ सेकंद आली. होय, स्त्रियांची जास्त! कुशीवर धरायच्या प्लँकमध्ये मात्र पुरुष पुढे होते. जगभर हे आकडे अजून दाखल्यासाठी वापरले जातात. मॅकगिल यांनीच असेही सुचवले की उजव्या आणि डाव्या कुशीच्या वेळेत ५ टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर दोन बाजूंचा तोल बिघडला आहे असे समजावे. आता गणित करा. मुलगा कुशीवर ९० सेकंद टिकत असेल तर ५ टक्के म्हणजे साडेचार सेकंद. वर सांगितलेल्या सगळ्या भानगडींत साडेचार सेकंद म्हणजे काहीच नाही. एवढ्या फरकावरून तेरा वर्षांच्या पोराला “तुझी डावी बाजू कमकुवत” असे सांगणे आम्हाला पटत नाही.

शिवाय ती तरुण माणसे सरासरी २३ वर्षांची होती. पालथे झोपून धड अधांतरी धरण्याची चाचणी ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते डेन्मार्कचे बिअरिंग-सोरेन्सन यांनीही १९८४ मधल्या त्यांच्या अभ्यासात मोठ्या माणसांनाच तपासले होते. आपल्यापुढे असतात अकरा ते सोळा वर्षांची मुले. मुली साधारण १२ व्या वर्षाच्या आणि मुलगे १४ व्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने उंच होतात. त्या सहा-आठ महिन्यांत हाडे आधी लांबतात, स्नायू मागून येतात. धड लांब झाले की तेच वजन कमरेपासून दूर जाते आणि पेलायला जड होते. बादली हात लांब करून धरून पाहा, म्हणजे कळेल. अशा वेळी प्लँकचा आकडा घसरला तर मुलगा आळशी झाला असे नव्हे, तो वाढतो आहे. आणि सातवीच्या एकाच वर्गात एकाला मिसरूड फुटलेले असते तर दुसरा अजून बाळसेदार असतो. वय तेच, शरीर दोन वर्षांनी मागेपुढे. शालेय स्पर्धांचे १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट जन्मतारखेवर पडतात, शरीराच्या वाढीवर नाही. उशिरा वाढणारे पोर या आकड्यांत हमखास मार खाते. दोन वर्षांनी तेच पुढे जाणारे असते, पण तोवर त्याचे नाव वहीतून गेलेले असते.

पोट कच्चे की रक्त कमी?

आमच्या पानावर ही गोष्ट लिहिली नाही तर लेख अर्धाच राहील. मुलगा किंवा मुलगी लवकर थकते याचे कारण पोटाचे स्नायू असतीलच असे नाही. वाढीच्या वयात, विशेषतः पाळी सुरू झालेल्या मुलींत, रक्तात लोह कमी असणे सर्रास आढळते. अशी मुलगी प्लँकमध्येही लवकर सोडते, ६०० मीटरमध्येही मागे राहते आणि वर्गातही पेंगते. तिला कोअरचे व्यायाम वाढवून देणे म्हणजे विहिरीत पाणी नसताना मोटार बदलणे. शाळेत आठवड्याला एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी अनेक मुली पोटात मळमळते म्हणून गुपचूप फेकतात. ती जेवणानंतर घ्यायला सांगावे. डोळ्यांच्या पापण्या आणि नखे फिकी दिसत असतील तर आधी हिमोग्लोबिन तपासावे, मग घड्याळ काढावे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे: सिकलसेल. सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल आणि पावरा बांधवांमध्ये हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. विदर्भात आदिवासींबरोबर बौद्ध समाजात आणि इतरही काही समाजांत आढळतो. म्हणजे आपल्या नात्यागोत्यातली गोष्ट आहे. ज्याला हा आजार आहे त्याच्या तांबड्या पेशी पाणी कमी पडले, अंग अतिशय थकले की कोयत्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पाठ, पोट असह्य दुखते. अशा मुलाला “सोडू नको, सोडू नको” म्हणत शेवटच्या थेंबापर्यंत ताणायला लावणारी कोणतीही चाचणी घेऊ नये. जो नुसता वाहक आहे तो बहुधा सगळे खेळ खेळू शकतो. त्याने पाणी भरपूर प्यावे, कडक उन्हात एकदम जोर करू नये आणि दुखू लागले तर थांबण्याची मुभा त्याला असावी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी हा त्याचा भाग आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातल्या थेंबभर रक्तावर पहिली चाचणी होते, ती संशयित निघाली तर पुढची पक्की चाचणी करतात. मैदानात नाव घालण्याआधी ही तपासणी झालेली असावी, आणि तिचा निकाल मुलाला हिणवण्यासाठी कुणी वापरू नये. हे दुसरे वाक्य आम्ही मुद्दाम लिहितो आहोत.

नाव पोटाचे, परीक्षा हाताची

सप्रमाणतेचा प्रश्न राहिलाच. अमेरिकेच्या सैन्याने आपली जुनी क्षमता चाचणी बदलताना दोन मिनिटांच्या उठाबशा काढल्या आणि त्या जागी बारला लोंबकळून गुडघे कोपरांपर्यंत नेण्याची चाचणी आणली. नाव होते पोटाच्या ताकदीचे. पण बारला लोंबकळायला मनगट आणि दंड लागतात. अनेक स्त्रियांना ते एकदाही जमेना. पोट भक्कम असूनही पकड सुटली की शून्य. टीका झाली, अभ्यास झाला, आणि २०२२ मध्ये ती चाचणी काढून प्लँक आणण्यात आला. एवढ्या मोठ्या सैन्याला आपण नक्की काय मोजतो आहोत हे कळायला दोन-तीन वर्षे लागली, तर गावातल्या मैदानावर आपण थोडे थांबून विचार करायला हरकत नाही.

अर्थात प्लँकही ताकद मोजत नाही. तो दम मोजतो, आणि बराचसा सोसण्याचा स्वभाव मोजतो. ऑस्ट्रेलियाच्या डॅनियल स्कॅली यांनी २०२१ मध्ये ९ तास ३० मिनिटे १ सेकंद प्लँक धरला होता. पुढे तो विक्रमही मोडला. त्यांच्या डाव्या हाताला वर्षानुवर्षे तीव्र वेदनेचा आजार होता, आणि वेदना सहन करण्याची ती सवयच प्लँकमध्ये कामी आली असावी. कबड्डीत चढाईला गेलेल्या पोराला नऊ तास काय, नऊ मिनिटेही एका जागी ताठ राहायचे नसते. त्याला अर्ध्या सेकंदात वळायचे असते. म्हणूनच धडाच्या ताकदीचा खेळातल्या कामगिरीशी संबंध तपासणाऱ्या अभ्यासांचे एकत्रित आढावे पाहिले तर तो संबंध असतो, पण लहानसा असतो. महाविद्यालयीन खेळाडूंवरच्या २००४ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात पुढे दुखापत कुणाला होईल याचा अंदाज पोट-पाठीच्या वेळांवरून आला नाही, तो कुल्ल्याच्या स्नायूंच्या ताकदीवरून आला. आणि आपल्या पोरांच्या डोळ्यांपुढे जी भरती असते तिचे काय? पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी परीक्षेत मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक आहे. प्लँकला गुण नाहीत.

मग प्लँक सोडून द्यावा का? नाही. व्यायाम म्हणून तो चांगला आहे, स्वस्त आहे, त्याला सतरंजीशिवाय काही लागत नाही. उलट पाय दाबून भराभर पूर्ण उठाबशा मारण्यापेक्षा कितीतरी बरा. पूर्ण उठाबशीत प्रत्येक वेळी कण्यावर सुमारे ३३०० न्यूटन, म्हणजे तीनशे किलोंहून अधिक वजनाइतका दाब येतो असे मॅकगिल यांच्या प्रयोगशाळेने दाखवले आहे. व्यायाम आणि परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच आमचे म्हणणे.

परीक्षा घ्यायचीच असेल तर घरचे घड्याळ आणि एक वही पुरते. पहिल्या दिवशी फक्त शिकवावे, आकडा लिहूच नये. दोन दिवस सोडून पुन्हा घ्यावी, मग आणखी दोन दिवसांनी पुन्हा, आणि या दोन्ही वेळा लिहाव्यात. आठ-दहा मुलांच्या दोन वेळांतला फरक पाहिला की आपला काटा किती ढिला आहे ते आपल्यालाच कळते. बहुतेकांचा फरक पंधरा सेकंदांपर्यंत येत असेल तर पुढे पंधरा-वीस सेकंदांच्या आतल्या चढउताराला ना पेढे वाटावेत ना शिव्या द्याव्यात. मोजणारा माणूस शक्यतो एकच असावा. वेळ एकच, जागा एकच, खाली सतरंजी, जेवून दोन तास झालेले, आदल्या दिवशी दमछाक नाही. कंबर झुकल्यावर एकदा सांगायचे, दुसऱ्यांदा झुकली की थांबायचे, हा नियम आधी मोठ्याने वाचून दाखवावा आणि सरपंचाच्या पोरालाही तोच लावावा. मुलींची चाचणी शक्य तिथे बाईंनी घ्यावी. कंबर दिसेल अशा उंचीवर शेजारच्या दोन खांबांना दोरी बांधली तर झुकणे डोळ्यांना दिसते आणि वाद मिटतात. वेळेबरोबर उंचीही लिहावी, दर तीन महिन्यांनी. उंची झपाट्याने वाढते आहे आणि सेकंद घसरले आहेत असे दिसले तर पोराला रागवायचे नाही.

पावडरचे डबे आणि पट्टे यांबद्दल दोनच शब्द. दोन आठवड्यांत आकडा वाढला म्हणून डबा लागू पडला असे विक्रेता सांगेल, पण दुसऱ्या खेपेला आकडा डब्याशिवायही वाढतो हे आपण पाहिलेच. त्याच पैशांत महिनाभराची डाळ, शेंगदाणे आणि अंडी येतात. पट्टा बांधून प्लँक धरायला लावणे म्हणजे जे मोजायचे त्यालाच टेकू देणे.

आणि दुखणे असेल तर घड्याळ बाजूला ठेवावे. खेळणाऱ्या मुलाची कंबर तीन आठवड्यांहून जास्त दुखत असेल, मागे वाकताना विशेष दुखत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, पायात मुंग्या किंवा बधिरता येत असेल, सोबत ताप असेल, किंवा जोर लावताना जांघेत फुगवटा दिसत असेल, तर कोणतीही चाचणी घेऊ नये. वेगवान गोलंदाज आणि मलखांब करणारी मुले यांच्या कण्याच्या मागच्या बाजूच्या हाडाला ताणाने बारीक चीर पडू शकते. ती वेळेत कळली तर विश्रांतीने बहुधा भरून येते, कोअर वाढवायच्या नादात ताणली तर नाही. आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे. तिथून पुढे पाठवले तर धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोग विभाग आहे. जाताना ती वही बरोबर न्यावी. कोणत्या तारखेला, कोणत्या हालचालीला, किती वेळ दुखले, ही नोंद डॉक्टरांना प्लँकच्या सेकंदांपेक्षा जास्त उपयोगी पडते.